बल्गेरियन म्हणवून घेण्याची किंमत

अल्बेनियाच्या २०११ च्या जनगणनेचा वांशिक तक्ता काढून पाहिला, तर त्यात बल्गेरियनांची ओळच सापडत नाही. २०२३ च्या तक्त्यात ती आहे आणि तिच्यापुढे आकडा आहे ७,०५७. याच बारा वर्षांत तिथले मॅसेडोनियन ५,५१२ वरून २,२८१ वर आले. मधल्या काळात सीमा हलली नाही, बल्गेरियातून कुणी लोंढ्यानं येऊन राहिलं नाही. गोलो ब्र्दोचा डोंगराळ पट्टा, प्रेस्पा सरोवराकाठची पुस्तेत्सची गावं, कोसोवोच्या हद्दीला टेकलेला गोरा, सगळं जागच्या जागी आहे. बदलला तो कायदा. ऑक्टोबर २०१७ मध्ये अल्बेनियाच्या संसदेनं नऊ अल्पसंख्याक गटांना मान्यता दिली आणि त्यांत बल्गेरियन पहिल्यांदाच आले. आधी रकाना तयार झाला, मग त्यात माणसं दिसू लागली.

बल्गेरियाच्या राजधानीत, सोफियात, याचा अर्थ असा लावला गेला की ही माणसं मुळात बल्गेरियनच होती, त्यांना आता बोलायची मोकळीक मिळाली. उत्तर मॅसेडोनियाच्या राजधानीत, स्कोप्येत, अर्थ लावला गेला की हे मॅसेडोनियनच आहेत, युरोपीय पासपोर्टाच्या आशेनं त्यांनी नाव बदललं. दोन्ही म्हणण्यांत तथ्य असू शकतं. पण दोन्हींची सुरुवात एकाच ठिकाणी होते: त्या माणसानं दिलेलं उत्तर बाजूला ठेवून, त्यानं काय उत्तर द्यायला हवं होतं ते आपण ठरवायचं. बाल्कनमध्ये गेली दीडशे वर्षं हेच चाललं आहे, आणि या विषयाचा अभ्यास करताना सर्वांत जास्त खटकतं तेही हेच.

वंश, भाषा, धर्म आणि नागरिकत्व ही चार खाती इथे वेगवेगळी ठेवावी लागतात. गोलो ब्र्दोतला एखादा शेतकरी घरात स्लाव्ह बोली बोलतो, मशिदीत जातो, अल्बेनियाचा नागरिक असतो आणि त्याच्या मुलाकडे बल्गेरियाचा पासपोर्टही असू शकतो. यातलं कुठलंही एक खातं पाहून दुसऱ्याची नोंद करता येत नाही. भाषेवरून तर नाहीच. पूर्व सर्बियापासून बल्गेरियाच्या मध्यापर्यंत बोली गावागणिक थोडी थोडी बदलत जाते, कुठे तुटत नाही. भाषाशास्त्रज्ञ तिथे एक रेघ दाखवतात खरी. एका जुन्या स्वराचा उच्चार तिच्या पश्चिमेला एक आणि पूर्वेला दुसरा, त्यामुळे पश्चिमेला दुधाला ‘म्लेको’ म्हणतात आणि पूर्वेला ‘म्ल्याको’. पण ही रेघ डॅन्यूबवरच्या निकोपोलपासून थेसालोनिकीकडे उतरते, म्हणजे बरीचशी बल्गेरियाच्या पोटातूनच जाते. खुद्द सोफिया तिच्या पश्चिमेला पडतं. देशाची सीमा आणि बोलीची सीमा एकमेकींवर बसतच नाहीत.

मग ‘बल्गेरियन’ हे नाव या प्रदेशात रुजलं कसं? उस्मानी राजवटीत प्रजेची नोंद धर्मसंस्थेनुसार व्हायची. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या पॅट्रिआर्कच्या, म्हणजे ग्रीक मुख्य धर्मगुरूच्या, छत्राखालचा, मग तो घरात कुठलीही भाषा बोलो. १८७० मध्ये सुलतानाच्या फर्मानानं बल्गेरियन एक्झार्केट ही वेगळी धर्मसंस्था स्थापन झाली. त्या फर्मानाच्या दहाव्या कलमात सगळी मेख होती: ज्या धर्मप्रांतातले किमान दोन-तृतीयांश ऑर्थोडॉक्स रहिवासी एक्झार्केटकडे जायची इच्छा दाखवतील, तो प्रांत तिकडे जाईल. १८७४ मध्ये स्कोप्ये आणि ओह्रिद या दोन प्रांतांत कौल घेतला गेला आणि दोन्हीकडे प्रचंड बहुमत एक्झार्केटच्या बाजूनं पडलं. आजच्या बल्गेरियन इतिहासलेखनात हा कौल म्हणजे तिथल्या लोकांच्या बल्गेरियनपणाचा पुरावा मानला जातो.

त्या कौलातून गावकऱ्यांच्या हाती काय येत होतं तेही पाहायला हवं. एक्झार्केट म्हणजे समजेल अशा भाषेतली प्रार्थना, आपल्या भाषेतली शाळा, मास्तर आणि ग्रीक बिशपाच्या वसुलीतून सुटका. यात बल्गेरियन असण्याची भावना होतीच. ती नव्हती म्हणणं त्या लोकांवर अन्याय ठरेल. पण त्या प्रश्नाला पर्याय दोनच होते. आपण बल्गेरियनही नाही आणि ग्रीकही नाही असं ज्याला वाटत असेल, त्याच्यासाठी तिसरी ओळ नव्हती. एकाच कुटुंबातला एक भाऊ पॅट्रिआर्कचा आणि दुसरा एक्झार्कचा, असं चित्र त्या काळच्या प्रवाशांनी नोंदवलं आहे. ते फितुरीचं लक्षण नव्हतं. एकाला एका शाळेत जागा मिळाली, दुसऱ्याला दुसऱ्या.

तेव्हाच्या आकडेवाऱ्या शेजारी शेजारी ठेवल्या की प्रश्न विचारणाऱ्याचा हात स्पष्ट दिसतो. बाल्कन युद्धांची चौकशी करणाऱ्या कार्नेगी आयोगाच्या १९१४ च्या अहवालानं तेच केलं. बल्गेरियाच्या बाजूनं कंचोव्ह यांनी १९०० मध्ये मॅसेडोनियात ११,८१,३३६ बल्गेरियन मोजले आणि सर्ब फक्त ७००. सर्बियाच्या बाजूनं गोपचेविच यांनी १८८९ मध्ये सर्ब मोजले २०,४८,३२० आणि बल्गेरियन ५७,६००. ग्रीक बाजूच्या १९०४ च्या आकड्यांत, कोसोवो विलायत (उस्मानी प्रांत) वगळून, ग्रीक ६,५२,७९५ आणि बल्गेरियन ३,३२,१६२. माणसं तीच, गावं बरीचशी तीच. फरक मोजण्याच्या कसोटीचा. कंचोव्ह यांच्या हिशेबात बोलीला वजन होतं, गोपचेविच यांनी ध्वनी आणि चालीरीतींतून सर्बपण शोधलं, ग्रीकांनी चर्च आणि शाळा धरली. यातली एकही कसोटी घरमालकाला विचारून ठरलेली नव्हती.

पुढची चाळीस वर्षं राज्यकर्ते बदलत गेले आणि त्यांच्याबरोबर आडनावांची शेपटंही. आजच्या उत्तर मॅसेडोनियातल्या वार्दार खोऱ्यातल्या एखाद्या घराण्याचा पणजोबा एक्झार्केटच्या शाळेत स्तोयानोव्ह होता. पहिल्या महायुद्धानंतर सर्बियन प्रशासनाखाली दप्तरात तो स्तोयानोविच झाला. १९४१ ते १९४४ या बल्गेरियन ताब्याच्या काळात पुन्हा स्तोयानोव्ह. १९४५ नंतर युगोस्लाव्ह मॅसेडोनियात स्तोयानोव्स्की. ज्यांच्याकडे या चारही काळांतली कागदपत्रं शिल्लक आहेत, त्यांच्या घरात चार सरकारांनी केलेल्या चार नोंदी सापडतात. वंशावळीचा पुरावा म्हणून यातला फक्त एक कागद निवडायचा आणि बाकीचे पुन्हा पेटीत ठेवायचे, हा प्रकार दोन्ही बाजूंनी चालतो.

क्र्स्ते मिसिर्कोव्ह यांचं आयुष्य या संदर्भात फार बोलकं आहे. १८७४ मध्ये आजच्या ग्रीसमधल्या पोस्तोल गावी जन्मलेल्या या विद्वानानं १९०३ मध्ये वेगळ्या मॅसेडोनियन राष्ट्राची आणि प्रमाणभाषेची मांडणी केली. ती छापली गेली सोफियात. त्याच माणसानं पुढे स्वतःला बल्गेरियन म्हणवणारं लेखन केलं, बेसारेबियाच्या (आजच्या मोल्दोव्हाकडच्या प्रदेशाच्या) प्रतिनिधी सभेत तिथल्या बल्गेरियनांचं प्रतिनिधित्व केलं आणि १९२६ मध्ये सोफियात देह ठेवला. स्कोप्ये त्यांचं १९०३ सालचं लेखन दाखवतं, सोफिया नंतरचं. दोन्ही लेखन त्यांचंच, प्रामाणिकपणे केलेलं. एका माणसाच्या आयुष्यात दोन उत्तरं खरी असू शकतात, हे मान्य करायला दोन्ही राजधान्यांना इतकं जड का जावं?

विसाव्या शतकाच्या मध्यावर तर उत्तरं सरकारी हुकुमानं फिरली, आणि तीही सीमेच्या दोन्ही बाजूंना. बल्गेरियाच्या नैर्ऋत्येला पिरीन प्रदेश आहे, ब्लागोएवग्राद शहराच्या भोवतालचा. दुसऱ्या महायुद्धानंतर युगोस्लाव्हियाचे टिटो आणि बल्गेरियाचे दिमित्रोव्ह यांच्यात बाल्कन संघराज्याची बोलणी चालू होती, तेव्हा तिथे मॅसेडोनियन ओळखीला सरकारी पाठबळ मिळालं. शाळांत मॅसेडोनियन शिकवायला युगोस्लाव्ह मॅसेडोनियातून मास्तर आले. १९४८ मध्ये टिटो-स्टालिन फूट पडली आणि ते मास्तर परत गेले. तरी १९५६ च्या जनगणनेत बल्गेरियात १,८७,७८९ मॅसेडोनियन नोंदले गेले. मग पक्षाचं धोरण पालटलं आणि १९६५ च्या जनगणनेत हा आकडा दहा हजारांच्याही खाली आला. नऊ वर्षांत पावणेदोन लाखांहून जास्त माणसांचा वंश बदलत नाही. एक तर आधीची नोंद दडपणाखाली झाली होती, नाही तर नंतरची, आणि बहुधा दोन्हींवर थोडं थोडं दडपण होतं. २०२१ मध्ये बल्गेरियात स्वतःला मॅसेडोनियन म्हणवणारे उरले १,१४३.

सीमेपलीकडे, युगोस्लाव्ह मॅसेडोनियात, याची उलटी बाजू. ऑगस्ट १९४४ मध्ये प्रोहोर प्चिन्स्की मठात मॅसेडोनियन प्रजासत्ताकाची घोषणा झाली, १९४५ च्या मे महिन्यात वर्णमाला ठरली, जूनमध्ये शुद्धलेखन. त्याच सुमाराला ‘मॅसेडोनियन राष्ट्रीय सन्माना’च्या रक्षणाचा कायदा आला आणि बल्गेरियाशी सहकार्य केल्याच्या आरोपाखाली लोकांवर खटले भरले गेले. अशा वातावरणात १९४८ ची जनगणना झाली. अख्ख्या प्रजासत्ताकात स्वतःला बल्गेरियन सांगणारे निघाले नऊशेहून कमी. याचा अर्थ मॅसेडोनियन राष्ट्र एका रात्रीत कागदावर रचलं गेलं, असा बल्गेरियात काढला जातो. मला तो पटत नाही. तीन-चार पिढ्या ज्या भाषेत शिकल्या, ज्या भाषेत त्यांनी कविता लिहिल्या, अंगाई म्हटली आणि मृतांना निरोप दिला, ती ओळख आज पूर्णपणे खरी आहे. पण ती घडत असताना दुसरं उत्तर देणं धोक्याचं होतं, हेही तितकंच खरं, आणि ते म्हटल्यानं पहिलं खोटं पडत नाही.

आता उत्तर मॅसेडोनियाची २०२१ ची जनगणना, कारण आजचं सगळं राजकारण तिच्या एका आकड्याभोवती फिरतं. ५ ते ३० सप्टेंबर या काळात प्रगणक लॅपटॉप घेऊन घरोघरी गेले. निवासी लोकसंख्या भरली १८,३६,७१३. त्यात बल्गेरियन ३,५०४. याआधी २००२ मध्ये ते १,४१७ होते, म्हणजे आकडा दुपटीहून वाढला. पण त्याच तक्त्यात खाली आणखी एक ओळ आहे, आणि ती फार कमी जण वाचतात: १,३२,२६० माणसांची माहिती सरकारी नोंदवह्यांतून उचलली, कारण ती प्रगणकाला भेटली नाहीत किंवा त्यांनी नकार दिला. त्यांचा वंश अज्ञात आहे. बल्गेरियनांच्या आकड्याच्या सदतीस पटींहून मोठा गट कोऱ्या रकान्यात आहे. जनगणनेवर बहिष्काराची हाक दिली गेली होती, त्यामुळे तो कोरा रकाना सगळ्या गटांत सारखा वाटलेला असेल असं धरता येत नाही.

शिवाय दारातला संवाद कसा होतो तेही लक्षात घ्यावं लागतं. छोट्या गावात प्रगणक ओळखीतलाच असतो. घरातलं एक प्रौढ माणूस सगळ्यांच्या वतीनं उत्तरं देतं, त्यामुळे सुनेचं किंवा कॉलेजात शिकणाऱ्या मुलाचं वेगळं मत नोंदलंच जात नाही. आधी मातृभाषा विचारून मग वंश विचारला, तर पहिलं उत्तर दुसऱ्याला ओढतं. सलग बारा महिने परदेशात असलेला माणूस निवासी लोकसंख्येतून गळतो. ही शेवटची गळती बल्गेरियन आकड्याच्या बाबतीत महत्त्वाची, कारण बल्गेरियन पासपोर्ट काढलेल्यांपैकी बरेच जण जर्मनीत, इटलीत किंवा माल्टात कामाला असतात.

पासपोर्टाचं गणित असं आहे. बल्गेरियाच्या १९९८ च्या नागरिकत्व कायद्याच्या पंधराव्या कलमानुसार बल्गेरियन वंशाच्या माणसाला सोपी वाट आहे: वय पूर्ण असावं, गुन्ह्याची शिक्षा झालेली नसावी. बाकी परदेशी माणसाला लागू असलेली वास्तव्याची, भाषेची आणि जुनं नागरिकत्व सोडण्याची अट त्याला नव्हती. अर्जदारानं आपण बल्गेरियन वंशाचे असल्याचं जाहीर करायचं, त्याला पूर्वजांच्या कागदांचा आधार द्यायचा, न्याय मंत्रालयाकडे अर्ज करायचा, मुलाखतीला जायचं, आणि शेवटी उपराष्ट्राध्यक्षांच्या सहीचा आदेश निघायचा. वंशाच्या पुराव्यासाठी परदेशस्थ बल्गेरियनांसाठीची सरकारी एजन्सी प्रमाणपत्र द्यायची. तिथे पैसे घेऊन प्रमाणपत्रं दिल्याच्या आरोपावरून २०१८ मध्ये अटका झाल्या आणि २०२१ च्या दुरुस्तीनं कागदपत्रांची अट कडक झाली.

२००७ मध्ये बल्गेरिया युरोपीय संघात गेला आणि या वाटेवर गर्दी झाली. डिसेंबर २००९ मध्ये मॅसेडोनियन पासपोर्टावरही शेंगेन देशांत बिनव्हिसा जाता येऊ लागलं, पण फक्त नव्वद दिवस आणि कामाचा हक्क नाही. २०१४ पासून बल्गेरियन नागरिकांना संघात सगळीकडे काम खुलं झालं. पंचवीस वर्षांचा वेल्डर किंवा परिचारिका या दोन पासपोर्टांतून कुठला निवडेल हे सांगायची गरज नाही. बल्गेरियन राजकारणी एक लाख नागरिकत्वांचा आकडा देतात आणि म्हणतात, खरे बल्गेरियन एवढे आहेत. स्कोप्येतले राजकारणी ३,५०४ दाखवतात. माझं मत स्पष्ट आहे: अर्जावरची घोषणा म्हणजे एका हक्काची मागणी, आणि जनगणनेतलं उत्तर म्हणजे दारात उभ्या असलेल्या शेजाऱ्यासमोर दिलेली कबुली. पहिल्यातून मोठा फायदा आहे, दुसऱ्यात थोडा धोका. एकाला दुसऱ्याच्या जागी वापरू नये. आणि ज्या ३,५०४ जणांनी काहीही पदरात पडणार नसताना शेजाऱ्यासमोर ते उत्तर दिलं, त्यांच्या शब्दाला कुणी खोटं म्हणू नये.

सर्बियात प्रश्न वेगळाच आहे. १९१९ च्या नुईच्या तहानं त्सारिब्रोद आणि बोसिलेग्राद बल्गेरियाकडून काढून युगोस्लाव्हियाच्या पदरात टाकले गेले. तिथले लोक बल्गेरियन आहेत हे बेलग्रेडही नाकारत नाही. त्यांची स्वतःची निवडून आलेली राष्ट्रीय परिषद आहे. १९५० मध्ये त्सारिब्रोदचं नाव दिमित्रोवग्राद झालं. तरी आकडे पाहा: २००२ मध्ये २०,४९७, २०११ मध्ये १८,५४३, २०२२ मध्ये १२,९१८. इथे कुणी ओळख दडपत नाही, माणसंच निघून जातात. सोफिया साठेक किलोमीटरवर आहे, आणि ज्या पासपोर्टानं ओळख पक्की व्हावी तोच तरुणांना गावाबाहेर नेतो. शाळेत बल्गेरियन माध्यम घेता येतं, किंवा आठवड्याला दोन तास ‘मातृभाषा आणि राष्ट्रीय संस्कृती’ हा ऐच्छिक विषय. पण पुढचं शिक्षण निश शहरात सर्बियनमधून, म्हणून आईवडील पहिलीपासूनच सर्बियन वर्ग निवडतात. मान्यता असूनही भाषा अशी मागे पडत जाते.

ग्रीसमध्ये तर प्रश्नच विचारला जात नाही. १९५१ च्या जनगणनेत ४१,०१७ स्लाव्हभाषक नोंदले गेले. त्यानंतर ही माहिती घेणं थांबलं. त्याआधी १९२४ मध्ये जिनिव्हात ग्रीसनं आपल्याकडच्या बल्गेरियन अल्पसंख्याकांना मान्यता देणारा करार केला होता. सर्बांनी आक्षेप घेतला आणि ग्रीक संसदेनं तो मंजूर केला नाही. मग लेरिन (ग्रीक नाव फ्लोरिना) भागातल्या बोलीत, मुद्दाम रोमन लिपीत, एक बालवाचनमाला छापली गेली, म्हणजे ती बल्गेरियनही दिसू नये आणि सर्बियनही. ती शाळांत कधी पोचलीच नाही.

या सगळ्या वादाच्या बाहेर रोमानियातल्या बनात प्रदेशातले बल्गेरियन आहेत. उस्मानी राजवटीविरुद्धचा १६८८ चा चिप्रोव्त्सीचा उठाव फसल्यावर त्यांचे पूर्वज पळाले आणि १७३८ ते १७४१ च्या दरम्यान बेश्नोव्ह व विंगा इथे वसले. ते कॅथलिक आहेत, १८६६ मध्ये ठरवलेल्या रोमन वर्णमालेत बल्गेरियन लिहितात, त्यांची बोली सोफियाच्या प्रमाणभाषेपासून बरीच दूर आहे. तरीही त्यांच्या बल्गेरियनपणावर कुणाचाही आक्षेप नाही आणि रोमानियाच्या संसदेत त्यांची राखीव जागा आहे. त्यांच्या उत्तरानं कुठल्याच देशाच्या इतिहासाला धक्का लागत नाही, म्हणून ते उत्तर सहज मान्य होतं.

स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयानं सोफिया आणि स्कोप्ये या दोघांनाही एकच धडा दिला आहे. २००५ मध्ये बल्गेरिया दोषी ठरला, कारण त्यानं मॅसेडोनियन ओळख सांगणारा ‘ओमो इलिंदेन-पिरीन’ हा पक्ष विसर्जित केला होता. २००९ मध्ये मॅसेडोनिया दोषी ठरला, कारण त्यानं ओह्रिदची ‘रादको’ ही बल्गेरियन बाजूची संघटना बंद पाडली होती. दोन्ही खटल्यांत भंग झालेला हक्क तोच, संघटना स्थापण्याचा. दोन्ही देशांत आपल्या विरोधातला निकाल कमी आणि शेजाऱ्याच्या विरोधातला जास्त आठवला जातो.

२०२२ च्या एप्रिलमध्ये उत्तर मॅसेडोनियातल्या बितोलात, मॅसेडोनियन क्रांतिकारी संघटनेचे बल्गेरियन बाजूचे नेते इव्हान मिहायलोव्ह यांच्या नावानं बल्गेरियन सांस्कृतिक केंद्र उघडलं. जूनमध्ये ते पेटवलं गेलं. त्या वर्षी ओह्रिदमध्ये झार बोरिस तिसरा याच्या नावानं दुसरं उघडलं. त्याच राजाच्या काळात, मार्च १९४३ मध्ये, वार्दार मॅसेडोनियातल्या सात हजारांहून जास्त ज्यूंना बल्गेरियन पोलिसांनी पकडून त्रेब्लिंकाच्या नाझी मृत्युछावणीत धाडलं होतं. ते नाव पाटीवर लावणं निष्ठूर होतं आणि आग लावणं गुन्हा. तिथे राहणाऱ्या साध्या बल्गेरियन माणसाला या दोन्हींची झळ बसली.

२०२२ च्या जुलैत युरोपीय संघाच्या मध्यस्थीनं ठरलं की संघात प्रवेश हवा असेल तर उत्तर मॅसेडोनियानं आपल्या राज्यघटनेत अल्बेनियन, तुर्क, व्लाख, सर्ब, रोमा, बोस्नियाक यांच्या यादीत बल्गेरियनांचंही नाव घालावं. त्यासाठी १२० पैकी ८० मतं लागतात. २०२४ मध्ये निवडून आलेलं सरकार या अटीवर दुरुस्ती करायला तयार नाही. बल्गेरियन हे नाव घटनेत यावं असं मला वाटतं, कारण ते नागरिक तिथे आहेत; पण शेजारी बल्गेरियाच्या नकाराधिकाराखाली ते येतंय, म्हणून त्या नागरिकांकडे घरात उपऱ्यासारखं पाहिलं जाण्याचा धोका वाढलाय.

पुढच्या जनगणनांसाठी काही गोष्टी आत्ताच करता येतील. वंशाचा प्रश्न मोकळा ठेवावा, छापील यादी नसावी. प्रत्येक प्रौढाला आपलं उत्तर ऑनलाइन, घरच्यांच्या नजरेआड भरता यावं. मातृभाषेचा प्रश्न वंशाच्या प्रश्नानंतर असावा. ‘अज्ञात’ आणि ‘उत्तर नाही’ या दोन वेगळ्या ओळी तालुकानिहाय छापाव्यात. आणि दुसऱ्या उत्तराला जागा द्यावी: हंगेरीत वंशाची एकाहून अधिक उत्तरं देता येतात, स्लोव्हाकियानं २०२१ मध्ये दुसरं राष्ट्रीयत्व स्वतंत्रपणे विचारलं. ती सोय झाली तर ओह्रिदचा किंवा ब्लागोएवग्रादचा एखादा माणूस पहिल्या ओळीत मॅसेडोनियन आणि दुसऱ्या ओळीत बल्गेरियन लिहू शकेल, किंवा उलट, आणि तक्त्यात दोन्ही मोजली जातील.